वकिलाने राजीनामा कशाला द्यायचा?

प्रश्न : आम्ही इंदूरला असतो, घरात मराठी, बाहेर हिंदी. शेजाऱ्यांनी कंपाउंड आमच्या जागेत सरकवलं म्हणून सासऱ्यांनी केस टाकलीय. परवा वकीलसाहेबांचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, 'शनिवार को लोक अदालत में राजीनामा हो जाएगा.' आमचे हे जाम टेन्शनमध्ये, म्हणे वकील केस सोडून चालला! मग कळलं की इकडे राजीनामा म्हणजे तडजोड. चुकतंय कोण, आपण की ते?

उत्तर : चुकत कोणीच नाही ताई, पण मूळ अर्थ विचाराल तर तुमचे वकीलसाहेब त्याला जास्त धरून आहेत. राजी मूळचा अरबी, आपल्याकडे आला फारसीतून, आणि नामा म्हणजे लिहिलेला कागद, करारनाम्यातला आणि जाहीरनाम्यातला तोच. 'आम्ही राजी आहोत' असं दोन्ही पार्ट्यांनी लिहून दिलं की झाला राजीनामा. हिंदीवाले नोकरी सोडताना इस्तीफा देतात, त्यामुळे त्यांच्याकडे घोळ होत नाही.

आपल्याकडे मधे जमीन आली. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात सारा परवडेना तर शेतकऱ्याला जमीन सोडता यायची, सोडणारा लिहून द्यायचा तो राजीनामा आणि नवा माणूस सारा भरायचं कबूल करायचा ती कबुलायत. जुने फेरफार काढून बघा, ही जोडी हमखास दिसेल. कागदावर सगळी राजीखुशी हो, पण कर्जात बुडालेल्या कुणब्याची जमीन सावकाराच्या नावावर चढायची ती पण अशाच राजीनाम्याने, आता तो कितपत राजी असणार! माझा अंदाज असा की संमती मागे पडली आणि सोडणं तेवढं उरलं ते या असल्या कागदांमुळेच, मग जमीन काय नि नोकरी काय. अर्थात हेच एक कारण असेल असं नाही, कारण गुजराती, कानडी, तेलुगू, तमिळमध्येही राजीनामा म्हणजे पद सोडणंच, आणि मल्याळममध्ये तर नामा पण गळाला, तिकडे मंत्री नुसती 'राजी' देतात. म्हणजे राजी म्हणजे नाराजी, घ्या!

रजेचंही तसंच. रजा म्हणजे मुळात संमती, परवानगी, राजीचीच सख्खी बहीण. साहेबाची रजा घेऊन घरी जायचं, असं करता करता परवानगीचा अर्थ विरला आणि सुट्टीलाच रजा म्हणायला लागले. म्हणून तर आज 'रजा मंजूर झाली' म्हणतो, म्हणजे मुळातल्या अर्थाने परवानगीला परवानगी मिळाली.

राहता राहिला तुमचा शनिवार. ह्यांना म्हणावं वकील कुठे जात नाहीये, पण सही करायच्या आधी कंपाउंड नेमकं कुठून जाणार, मापं काय, हे मसुद्यात नीट वाचून घ्या. लोक अदालतीतल्या तडजोडीला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच किंमत असते आणि त्यावर अपील करता येत नाही. आधी भरलेली कोर्ट फी मात्र परत मिळते, ती मागायला विसरू नका.