लीकचा हिरवा भाग टाकू नका

प्रश्न : काकू, मी एम.एस्सी.साठी कार्डिफला आले आहे. इथे थंडीत लीक (पातीच्या कांद्यासारखी, पण जाड दांड्याची भाजी) स्वस्त मिळतं म्हणून कांद्याऐवजी तेच आणायला लागले. पोह्यांच्या फोडणीत घातलं तर काही काप करपले, काही चिवट राहिले आणि दाताखाली वाळू आली. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. खोलीवर एकच विजेची शेगडी आहे. दोन-तीन दिवस पुरेल आणि गारठ्यात बरं वाटेल असं काही सांगाल का? (एक विद्यार्थिनी, कार्डिफ)

उत्तर : पोह्यांना कांदाच घे. लीक कांद्याच्याच कुळातलं असलं तरी त्याचे पदर पातळ आणि रेषाळ असतात. मोठ्या आचेवर ते मऊ पडायच्या आधीच तांबूस होतात आणि मग कडवट लागतात.

आधी वाळूचं सांगते. लीकचा दांडा पांढरा आणि कोवळा राहावा म्हणून शेतकरी रोप वाढेल तशी त्याला मातीची भर देत जातात. दांड्याला ऊन लागत नाही, पण माती पानांच्या पदरांत शिरून बसते. वरवर धुऊन ती निघत नाही. लीक चिरून खोल भांड्यात भरपूर पाण्यात घाल, हातानं ढवळ आणि पाच मिनिटं तसंच ठेव. वाळू तळाला बसते. मग काप हातानं वरच्या वर उचलून घे. भांडं चाळणीत उपडं केलंस तर तीच वाळू पुन्हा कापांवर येईल.

आता शिजवणं. जाड बुडाच्या पातेल्यात मोठा चमचाभर लोणी किंवा तेल, त्यात लीकचे काप, मीठ आणि पाण्याचा एक हबका. झाकण ठेव आणि अगदी मंद आचेवर पंधरा मिनिटं राहू दे. मिठानं लीकला पाणी सुटतं आणि त्या वाफेवर ते शिजतं. मधे दोनदा हलव. काप लोळागोळा झाले, चकचकीत दिसू लागले आणि गोडसर वास आला की झालं. रंग बदलता कामा नये. एवढं जमलं की लीकचं काहीही जमतं. विजेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, तेव्हा शेवटची पाच मिनिटं तिच्या उरल्या धगीवरच होऊ दे.

अशा तीन लीकमध्ये दोन मोठे बटाटे (साधारण 400 ग्रॅम) फोडी करून घाल, एक लिटर पाणी घाल आणि बटाटा बोटानं मोडेपर्यंत शिजव. मिक्सर नको. फार फिरवलं की बटाट्याचा चिकट लगदा होतो. घरून रवी आणली असशील तर तिनं घुसळ, नाहीतर डावानं ठेच. अर्धी वाटी दूध, ताजी मिरपूड आणि असलं तर किसलेलं जायफळ. तापातून उठलेल्या माणसाला आपण मऊ भात देतो, तसं हे सूप इथल्या घरांत देतात. पहिल्या दिवशी पावाबरोबर खा. दुसऱ्या दिवशी ते घट्ट होतं, तेव्हा त्यात शिजलेली मसूरडाळ मिसळून भातावर घे.

तुझ्या पत्रात हिरव्या पानांचा उल्लेखच नाही, म्हणून वाटतं, ती तू टाकून देत असशील. इथे बहुतेक जण तेच करतात आणि मला ते पाहवत नाही. पैसे सगळ्या लीकचे दिलेले असतात आणि वजनाचा मोठा वाटा त्या पानांतच असतो. सगळ्यात बाहेरची जून, कातड्यासारखी पानं पाण्यात उकळून ते पाणी सुपाला वापर. आतली हिरवी पानं मात्र आडवी, अगदी बारीक चीर. उभी चिरलीस तर धागे दाताला लागतात. त्यांची पीठ पेरून भाजी उत्तम होते : मोहरी, हिंग, हळदीची फोडणी, त्यावर पानं, झाकण ठेवून दहा मिनिटं, मग तिखट, मीठ आणि कोरडं भाजलेलं बेसन. आपल्याकडच्या कांद्याच्या पातीच्या भाजीपेक्षा हिला शिजायला जास्त वेळ लागतो, एवढाच फरक. थालीपिठातही ही पानं घालते मी, पण आधी मीठ चोळून पिळून घेते.

तुझं कार्डिफ ज्या वेल्समध्ये आहे, तिथल्या स्वयंपाकातही हिरवं वाया जात नाही. लीक हे या देशाचं चिन्ह आहे. 1 मार्चला, सेंट डेव्हिडच्या दिवशी, लोक छातीवर लीक किंवा डॅफोडिल लावून हिंडतात आणि काउल नावाचा रस्सा करतात. त्यात मटण किंवा खारवलेलं डुकराचं मांस, बटाटे, गाजर, स्वीडचा पिवळा कंद. लीक बहुतेक घरांत अगदी शेवटी पडतं, बारीक चिरलेल्या हिरव्या पानांसकट, म्हणजे त्याचा ताजा स्वाद राहतो. स्वान्सीत माझ्या शेजारी राहणाऱ्या आजी काउल आदल्या दिवशीच करून ठेवतात, कारण दुसऱ्या दिवशी गरम केलेलं जास्त चांगलं लागतं. तू मांसाऐवजी मूठभर बार्ली आणि मूठभर अख्खा मसूर घाल. बार्ली रात्री भिजव, म्हणजे वीज कमी लागेल.

अंडं खातेस, तर ग्लॅमॉर्गन सॉसेजही करून पाहा. नावात सॉसेज असलं तरी त्यात मांस नसतं. केरफिली चीज, शिळ्या पावाचा चुरा, मऊ शिजवलेलं लीक, थोडी मोहरीची चटणी आणि बांधायला अंडं. लांबट वळून, पुन्हा चुऱ्यात घोळवून तव्यावर भाजायचं. शिळा पाव संपवायला याहून चांगला पदार्थ मला माहीत नाही. चीज घेताना वेष्टनावर 'शाकाहारींसाठी योग्य' असं लिहिलेलं आहे ना, तेवढं बघ. काही चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या द्रव्यानं, बनवतात.

आणि दुकानात संध्याकाळी पिवळं लेबल लावून किंमत उतरवलेलं लीक दिसलं तर जरूर घे. बाहेरचे दोन पदर सुकलेले असतात, आतलं चांगलंच निघतं. फक्त वसंताच्या शेवटी शेवटी दाबून बघ. फुलाचा दांडा धरला असेल तर मधोमध लाकडासारखा कठीण गाभा लागतो, ते घेऊ नकोस.

प्रश्न : मुलाकडे मँचेस्टरला लीक-बटाट्याचं सूप प्यायले आणि फार आवडलं. पुण्यात लीक खूप महाग पडतं. पातीचा कांदा चालेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : चालेल, आणि तोच घ्या. हे काटकसरीचं सूप आहे, त्यासाठी महागडी भाजी विकत घेण्यात अर्थ नाही. दोन जुड्यांचे पांढरे कांदे वर सांगितलंय तसे मंद आचेवर, झाकणाखाली मऊ करा. पात मात्र सूप उतरवायच्या मिनिटभर आधी घाला, नाहीतर ती काळपट होते. चव लीकपेक्षा थोडी उग्र येईल, तेव्हा बटाटा एखादा जास्त घ्या. दुधाऐवजी चमचाभर साय घातली तरी छान लागते.

प्रश्न : मी चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही. यंदा लेकीकडे लेस्टरला असेन. ती म्हणते, "आई, लीक म्हणजे काही कांदा नाही, ते चालतं." खरं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : लीक, कांदा आणि लसूण तिन्ही एकाच कुळातली. तुमचा नेम कांदा-लसणाचा असेल तर मी तरी लीक घेणार नाही. त्यात तुमचं फारसं नुकसानही नाही. इथलं लीक खरं रंगात येतं ते नोव्हेंबरपासून, म्हणजे कार्तिकी एकादशीच्या सुमाराला. तोवर लेकीला पांढरा कोबी आणि बटाटा याच पद्धतीनं मंद शिजवायला सांगा. तुपात आधी जिरं आणि चिमूटभर हिंग, मग कोबी, मीठ, झाकण. लेस्टरला बेलग्रेव्ह रोडच्या गुजराती दुकानांत हिंग सहज मिळतो. डबीवर गव्हाचं पीठ मिसळलंय का ते बघून घ्या, कारण एकादशीला तोच हिंग तुम्हाला चालणार नाही.