हलकं कटर मशीन म्हणजे ‘बायकांचं मशीन’ का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: गुहागरच्या बाजूला दोन एकर आंब्याच्या कलमांची बाग, वय अठ्ठेचाळीस, कंबर अधूनमधून धरते. फांद्या उतरवायला आणि वर्षाचं जळण कापायला हलकी, मध्यम आकाराची चेन सॉ हवी आहे. आणि शेवटी लिहिलंय की दुकानदार म्हणाला, "पंचेचाळीस सीसीचं घेऊ नका, ते बायकांचं मशीन. घ्यायचं तर अठ्ठावन्न सीसी, बावीस इंची घ्या."

मी बाई आहे. दापोली तालुक्यात राहते. पंचेचाळीस सीसीचं मशीन २०२० च्या ऑक्टोबरपासून स्वतः चालवते, स्वतः धार लावते. म्हणून हे उत्तर मी लिहितेय.

आधी तुमच्या प्रश्नाचं बोलते. चाळीस ते सेहेचाळीस सीसी, बार (ज्या पट्टीवरून चेन फिरते ती) सोळा इंच, त्याहून मोठा नको. स्टिल (Stihl) कंपनीचं एमएस २५० घ्या (४५.४ सीसी, २.३ किलोवॅट, ४.६ किलो) किंवा हस्कवर्ना कंपनीचं ४४५ (४५.७ सीसी, २.१ किलोवॅट, ४.९ किलो), दोन्ही याच पट्ट्यातली. यातलं ज्याचं सर्व्हिसिंग तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर होतं आणि ज्याच्या चेनी, प्लग, फिल्टर दुकानात हाताशी मिळतात, ते घ्या. कंपनीचा रंग बघून भांडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

आता वजनाचं. कागदावर ४.६ किलो लिहिलेलं असतं ते बार, चेन आणि पेट्रोलशिवायचं. आमच्याकडे काजू बी मोजायचा काटा आहे. त्यावर माझं मशीन टाक्या भरून, बार-चेनसकट ठेवलं तर सहा किलोच्या थोडं वर जातं. माझ्या दिरांचं अठ्ठावन्न सीसीचं बावीस इंची मशीन त्याच काट्यावर सव्वाआठ किलो भरलं. हे दोन किलो दुकानात उचलून बघताना कळत नाहीत. ते तिसऱ्या तासाला कळतात.

त्या तिसऱ्या तासाचं सांगते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, आणि दापोली-मंडणगडनेही त्या दुपारी काय भोगलं ते इकडच्यांना सांगायला नको. आमची अकरा कलमं मुळासकट उलटली, तीन फणस गेले, पोफळी किती मोडल्या ते मोजायची इच्छाच झाली नाही. सासऱ्यांनी लावलेली कलमं ती. वीज नाही, फोनला रेंज नाही, घरावरची अर्धी कौलं अंगणात. आणि आगोट, म्हणजे पावसाळा, तोंडावर आलेली. पंचनामा होईपर्यंत झाडांना हात लावायचा नाही म्हणून थांबलो, आणि तो झाल्यावर बघतो तर गावात एक गडी मोकळा नाही. प्रत्येकाच्याच वाडीत झाडं आडवी.

माझे यजमान तेव्हा नोकरीमुळे मुंबईत अडकलेले. धाकटे भावोजी मात्र लॉकडाऊनमध्ये गावी आले होते, शाळेत चौदा दिवस काढून घरी आलेले. ते म्हणाले, "वहिनी, मी आहे ना." आणि खेडहून मशीन घेऊन आले. बावीस इंची, अठ्ठावन्न सीसी, साडेसात हजारांत. मी तेव्हाच म्हटलं होतं की एवढं लांब कशाला, आपल्याला फांद्याच जास्त सोडवायच्या आहेत, खोड नंतर बघू. त्यावर त्यांनी जे उत्तर दिलं तेच आज तुमच्या दुकानदाराने दिलंय. शब्दसुद्धा तेच.

पहिले दोन दिवस काम बरं झालं, हे मान्य करते. मोठं मशीन खोडात सरसर जातं. पण पडलेल्या झाडात खोड असतं एक आणि फांद्या असतात शंभर. खोड कापताना मशीनचा भार लाकडावर टेकलेला असतो. फांदी कापताना तो तुमच्या हातांवर असतो, आणि प्रत्येक फांदीला मशीन उचलायचं, वळवायचं, परत खाली आणायचं. दुपारपर्यंत चारशे-पाचशे वेळा ते होतं. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास, बारीक पाऊस लागलेला, भावोजी मांडीएवढ्या जाड फांदीशी होते. फांदी तुटली आणि मशीन थांबलं नाही. हात दमलेले, टोक जड, ते तसंच खाली गेलं डाव्या नडगीवर. एक्सलरेटर सोडला होता म्हणतात, पण चेन पूर्ण थांबायला जो क्षण लागतो तेवढा पुरला.

अकरा टाके. फोन लागत नव्हता. शेजारचा मुलगा मोटारसायकल घेऊन जीप आणायला गेला, आणि मी पाऊण तास माझा पदर त्या पायावर दाबून बसले होते. लाल चिखल आणि रक्त यातलं काय कुठलं ते कळत नव्हतं. सासूबाई पायरीवर बसून नुसतं "अगो बाई, अगो बाई" करत होत्या. तो पाऊण तास मी विसरलेले नाही आणि मला कुणी विसरायला सांगूही नये.

भावोजी बरे झाले, चालतात, सगळं ठीक आहे. पण तेव्हापासून दर गणपतीत हा वाद होतो. ते म्हणतात, मशीनचा दोष नाही, माझं नशीब. मी म्हणते, नशीब नव्हे, वजन आणि लांबी. त्यांचं पालुपद ठरलेलं: "खरं लाकूड कापायला मोठंच मशीन लागतं, वहिनींचं आहे ते फांद्या खुडायचं." म्हणून मी इथे सविस्तर लिहितेय, आणि त्यांनी हे वाचलं तरी चालेल.

लांबीचं आधी घ्या. सोळा इंचाच्या बारने दोन फुटांहून जाड खोडसुद्धा कापता येतं, एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने जायचं, एवढंच. आपल्या बागेतल्या जळणात दोन फुटांचं लाकूड असतं तरी किती? आंब्याची हाताएवढी, मांडीएवढी फांदी, काजूचं वाळलेलं झाड, ऐन-किंजळीची कवळ (पानांच्या डहाळ्या) तोडून उरलेली दांडकी. बावीस इंची बार घेऊन फांद्यांच्या गचपणात शिरलात की बारचं टोक पलीकडे कुठे आहे ते तुम्हाला दिसत नाही. टोकाचा वरचा भाग दुसऱ्या फांदीला लागला की मशीन उसळून सरळ तोंडाकडे येतं. मशीन उसळलं की चेन थांबवणारा चेन ब्रेक असतो म्हणून वाचतो, पण दरवेळी वाचवेलच असं धरून चालू नये.

ताकदीचं म्हणाल तर सीसी ही ताकद नव्हे. चांगल्या पंचेचाळीस सीसी मशीनला तीन हॉर्सपॉवर मिळते. डब्यावर अठ्ठावन्न छापलेलं असलं म्हणून स्वस्त मशीन त्याच्या सव्वापट लाकूड कापत नाही. लाकूड कापते ती धार. २०२२ च्या मे महिन्यात आमच्या खालच्या कुंपणातलं सुरूचं झाड वाळलं म्हणून पाडून घेतलं. ज्यांनी सुरू कापलाय त्यांना माहीत आहे, ते लाकूड नाही, लोखंड आहे. भावोजी गावीच होते. त्यांचं मशीन गोठ्यातून काढलं, चेन तशीच, दोन वर्षं धार न लावलेली. पीठ पडत होतं, धूर येत होता, बार निळा पडला. मी सकाळी कानस मारून आणलेलं माझं मशीन टेकवलं, दाबलंसुद्धा नाही, जाड चिरफळ्यांसारखा भुसा पडायला लागला. साधारण फूटभर जाडीचे सतरा ओंडके त्या दुपारी माझ्या मशीनने झाले. भावोजींनी ते उचलून पडवीत रचले. काही बोलले नाहीत. गणपतीत मात्र परत तेच.

तर धार शिका. मशीनच्या निवडीपेक्षा याला मी जास्त वेळ देईन. ०.३२५ इंच पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) चेन असेल तर ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. लहान मशीनवरच्या बारीक चेनला चार मिलिमीटरची. प्रत्येक दात्याला तेवढेच घाव, त्याच कोनात, नेहमी आतून बाहेर. एका बाजूचे दाते लहान झाले की मशीन वाकडं कापतं आणि माणूस बारला दोष देतो. दर दोन टाक्यांनंतर दोन-तीन घाव मारायचे, पीठ पडायला लागेपर्यंत थांबायचं नाही. आणि आपल्याकडे सगळीकडे जांभा. चेन एकदा चिऱ्याला लागली की धार गेली, मग अर्धा तास कानस. ओंडका कापताना खाली दुसरं लाकूड घाला. समुद्रकाठचं झाड असेल तर सालीत वाळू बसलेली असते, ती आधी झाडून घ्या. माडाचं खोड कापायला हे मशीन काढूच नका असं सांगणार होते, पण वादळानंतर इलाज नसतो. जुनी चेन त्यासाठी वेगळी ठेवा.

फांद्या उतरवताना बुंध्याकडून शेंड्याकडे जायचं, खोड तुमच्या आणि मशीनच्या मध्ये ठेवायचं, मशीनचं अंग खोडावर टेकवून सरकवायचं. असं केलं की निम्मं वजन झाड उचलतं. भावोजी त्या दिवशी खोडाच्या त्याच बाजूला उभे होते ज्या बाजूची फांदी कापत होते. पडलेल्या झाडाची वाकून दबलेली फांदी असेल तर आधी आतल्या, दाबाच्या बाजूने थोडा छेद आणि मग बाहेरच्या, ताणाच्या बाजूने. उलटं केलंत तर फांदी सणकन सुटते. मुळासकट उलटलेल्या झाडाचा बुंधा कापला की मुळाचा गड्डा परत खड्ड्यात बसतो, त्याच्या मागे पोरंबाळं उभी ठेवू नका. उभ्या झाडावर, शिडीवर हे मशीन घेऊन कधीही चढायचं नाही. वरची फांदी करवतीने किंवा माहितगार गड्याकडून. आणि जिवंत कलमाची जाड फांदी कापलीत तर कापावर बोर्डो पेस्ट लावा (एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी), नाहीतर त्या जखमेतून झाड कुजायला लागतं.

बॅटरीवरच्या मशीनचंही तुम्ही विचारलंय. चार-पाच इंची फांद्यांना ठीक. वर्षाच्या जळणाला नाही, आणि वादळानंतर वीज महिनाभर नसते तेव्हा मुळीच नाही. बत्तीस सीसीची लहान मशिनंही येतात, चार किलोची. कंबर फार धरत असेल तर तेही चालेल, फक्त जाड ओंडक्यांना वेळ लागेल. त्यात कमीपणा काही नाही.

पेट्रोलचं: आता पंपावर इथेनॉल मिसळलेलंच मिळतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. टू-टी ऑइल घातलेलं मिश्रण महिन्याभरात संपवा. पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि मगच ठेवा. नाहीतर दसऱ्याला दोरी ओढून ओढून खांदा जातो. चेनला गाडीचं जळकं ऑइल घालू नका, ते चेनला धरून राहत नाही, उडून अंगावर येतं आणि बार खातं.

जिवंत झाड तोडायचं असेल तर १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्यात आंबा, फणस, ऐन, किंजळ ही सगळी येतात. स्वतःच्या वाडीतलं असलं तरी आधी वनखात्याकडे चौकशी करा. तुमचं काम फांद्यांचं आणि वाळक्या लाकडाचं आहे, पण तरी सांगितलं.

आणि एक गोष्ट, जी मी गणपतीतल्या वादात इतकी वर्षं बोलले नाही. भावोजींच्या पायात त्या दिवशी हाफ पँट आणि स्लीपर होती. मशीन माझं असतं तरी त्या क्षणी लागलं असतंच, कदाचित थोडं कमी. पुढच्या बाजूला जाड अस्तर असलेले पायघोळ कव्हर मिळतात. चेन लागली की आतले लांब धागे निघून चक्राभोवती गुंडाळतात आणि चेन जागीच थांबते. मे महिन्यात ते घालणं म्हणजे भट्टीत बसणं आहे, तरी मी घालते. मशीनच्या पैशातूनच त्याचे आणि गमबुटांचे पैसे बाजूला काढा. त्यासाठी मशीन एक नंबर लहान घ्यावं लागलं तरी चालेल.