‘कॉस थीटा’ ताणाला लावायचा की वजनाला?

प्रिय विद्यार्थिमित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहीची पाने काल सावकाश वाचली. दोन गणितांत तू एकच आकृती काढली आहेस: उभ्या रेषेशी 60 अंशांचा कोन करणारी दोरी आणि तिच्या टोकाला 1 किलोग्रॅमचा गोळा. पहिल्या गणितात गोळा आडव्या वर्तुळात एकसमान चालीने फिरतो आहे, दुसऱ्यात तो बाजूला ओढून नुकताच सोडला आहे. दोन्हीकडे तू ‘ताण बरोबर वजन गुणिले कॉस थीटा’ असे मांडलेस; थीटा म्हणजे दोरीचा उभ्या रेषेशी असलेला कोन. पहिले उत्तर चुकले, दुसरे बरोबर आले, आणि समासात तू विचारलेस की कॉस कधी ताणाला लावायचा आणि कधी वजनाला. हा प्रश्न पाहून फार आनंद झाला, कारण प्रक्षेपाचे मर्म नेमके त्यातच आहे.

एखाद्या दिशेवर बलाचा प्रक्षेप घेणे म्हणजे त्या दिशेपुरते ते बल किती उरते हे पाहणे. त्या दिशेच्या एकक सदिशाशी, म्हणजे 1 लांबीच्या बाणाशी, बलाचा अदिश गुणाकार केला (बलाचे मान गुणिले दोघांमधल्या कोनाचा कोसाइन, म्हणजेच कॉस) की तो मिळतो, आणि काटकोनात असलेल्या बलाचा प्रक्षेप शून्य येतो. हे शून्य आपल्याला हवे तिथे पाडून घेता येते. न्यूटनचा दुसरा नियम सदिशांचा असल्यामुळे तो कोणत्याही दिशेवर प्रक्षेप घेतला तरी खराच राहतो. अक्ष आडवा आणि उभाच घ्यायचा, ही केवळ शाळेपासून अंगवळणी पडलेली सवय आहे.

आता तुझे दोन गोळे पाहू. फिरणाऱ्या गोळ्याचे त्वरण वर्तुळाच्या केंद्राकडे, म्हणजे पूर्णपणे आडवे आहे. उभ्या दिशेवर त्या त्वरणाचा प्रक्षेप शून्य असल्यामुळे तिथे ताणाचा प्रक्षेप वजनाला तोलून धरतो: 60 अंशांचा कॉस 0.5 आणि 1 किलोग्रॅमचे वजन 9.8 न्यूटन, तेव्हा ताण गुणिले 0.5 बरोबर 9.8, म्हणून ताण 19.6 न्यूटन. सोडलेल्या गोळ्याचा वेग त्या क्षणी शून्य आहे, त्यामुळे दोरीच्या दिशेने त्याला त्वरण नाही; जे आहे ते दोरीशी काटकोनात. म्हणून इथे प्रक्षेप दोरीवरच घ्यायचा, आणि ताण येतो 9.8 गुणिले 0.5, म्हणजे 4.9 न्यूटन. दोरी तीच, कोन तोच, गोळाही तोच, तरी ताणात चौपट फरक! हा फरक बलांच्या आकृतीत दिसत नाही, कारण तो त्वरणाच्या दिशेत आहे. म्हणून समीकरण लिहिण्याआधी त्वरणाचा बाण वेगळ्या शाईने काढत जा आणि ताण हवा असेल तर त्या बाणाशी काटकोनातल्या दिशेवर प्रक्षेप घे. उतारावरच्या ठोकळ्याचे अभिलंब बल (पृष्ठभागाने त्याला काटकोनात दिलेला रेटा) ‘वजन गुणिले कॉस थीटा’ असे अनेकजण पाठ करतात आणि बाहेरच्या कडेने उचललेल्या वळणावरच्या गाडीलाही तेच लावतात; तिथेही चूक हीच असते.

वस्तू स्थिर असेल तर त्वरणच नसते, मग दिशा निवडायला पूर्ण मोकळीक मिळते, आणि ती नको असलेले अज्ञात बल गाळण्यासाठी वापरावी. समज, 98 न्यूटन वजन दोन दोऱ्यांनी टांगले आहे. डावी दोरी आडव्या रेषेशी 30 अंश करते, उजवी 45 अंश. फक्त डाव्या दोरीचा ताण हवा असताना दोन एकसामयिक समीकरणे सोडवत बसायची गरज नाही. उजव्या दोरीशी काटकोनात, वर डावीकडे जाणारी दिशा घे. उजवीचा ताण तिथे शून्य होतो, डावी दोरी या दिशेशी 15 अंश करते आणि वजन 135 अंश. वजनाचा प्रक्षेप उणे 69.3 न्यूटन येतो. उणे चिन्ह आपण अंदाजाने लावायचे नसते, ते 135 अंशांच्या कोसाइनमधून आपोआप येते. मग ताण गुणिले 0.966 बरोबर 69.3, म्हणजे सुमारे 71.7 न्यूटन.

उजव्या दोरीचा ताण याच रीतीने, एका ओळीत, तू काढ. नंतर दोन्ही ताणांचे आडवे प्रक्षेप घेऊन पाहा; ते दोन्ही 62.1 न्यूटनच्या जवळ आले नाहीत, तर आधी कोन पुन्हा मोज आणि मग ते पान मला पाठव.