वाचकांचे प्रश्न : दोन डची गेल्या, घराणे कसे टिकले?

प्रश्न : हेन्री द लायन या जर्मन सरदाराच्या दोन्ही डची (ड्यूक या सरदाराच्या अमलाखालील प्रदेश) पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने 1180 मध्ये काढून घेतल्या, असे वाचले. मग त्याच्याच वेल्फ घराण्यातील पुरुष 1714 मध्ये इंग्लंडच्या गादीवर कसा बसला?
— एक वाचक, सातारा

उत्तर : हेन्रीने गमावले ते पद आणि त्यासोबतची जहागीर, घराण्याची स्वतःची जमीन त्याच्याकडेच राहिली. सॅक्सनी आणि बव्हेरिया या डची त्याने सम्राटाकडून सेवेच्या व निष्ठेच्या शपथेवर धारण केल्या होत्या, तर ब्राउनश्वाइग आणि ल्यूनेबुर्गभोवतालचा प्रदेश पूर्वजांकडून वारशाने आला होता.

हेन्री आणि फ्रेडरिक हे आतेमामे भाऊ होते. फ्रेडरिकची आई यूडिथ ही हेन्रीच्या वडिलांची बहीण. फ्रेडरिकनेच 1156 मध्ये त्याला बव्हेरिया परत मिळवून दिली. पुढे 1176 मध्ये इटलीच्या मोहिमेसाठी हेन्रीने सैन्य नाकारले आणि त्याच वर्षी लेन्यानो येथे सम्राटाचा पराभव झाला. या सैन्यासाठी कियावेन्ना येथे सम्राटाने हेन्रीपुढे गुडघे टेकल्याची कथा फार लोकप्रिय आहे. परंतु ती नंतरच्या वृत्तलेखकांनी रंगवलेली आहे आणि तिच्यावरच सारा अर्थ उभारणे मला योग्य वाटत नाही. हेन्रीची सॅक्सनी काढून वाटून देणाऱ्या, एप्रिल 1180 मधील गेल्नहाउझेनच्या सनदेत त्या नकाराचा उल्लेखही नाही. चर्चची आणि सरदारांची गळचेपी केल्याच्या तक्रारी आणि वारंवार बोलावूनही दरबारात हजर न राहणे, ही कारणे तिथे दिली आहेत. म्हणजे शेजारच्या सरदारांचा अनेक वर्षांचा रोषच अखेर सम्राटाच्या दरबारात निकालापर्यंत पोहोचला.

सॅक्सनीची वाटणी झाली : पश्चिमेकडील वेस्टफालिया कोलोनच्या आर्चबिशपला आणि उरलेली डची आस्कानियन घराण्यातील बर्नहार्डला मिळाली. बव्हेरिया विटेल्सबाख घराण्यातील ऑटोला दिली गेली आणि त्याच्या वंशजांनी ती 1918 पर्यंत राखली. हेन्री 1181 मध्ये एर्फुर्ट येथे शरण आला आणि पुढच्या वर्षी सासरे, इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री, यांच्या आश्रयाला गेला. 1195 मध्ये तो ब्राउनश्वाइग येथेच वारला.

घराण्याच्या दृष्टीने याहून निर्णायक वर्ष 1235 हे होय. त्या वर्षी माइंत्सच्या दरबारात हेन्रीचा नातू ऑटो याने स्वतःच्या मालकीच्या जमिनी सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकच्या स्वाधीन केल्या आणि सम्राटाने त्याच ब्राउनश्वाइग-ल्यूनेबुर्ग या नव्या डचीच्या रूपाने त्याला परत दिल्या. निर्वेध मालकी सोडून ऑटोने साम्राज्याचा राजकुमार हा दर्जा घेतला, तोही बार्बारोसाच्या ज्या होहेनश्टाउफेन घराण्याने आजोबांना खाली खेचले त्याच्याच हातून. पुढे मुलांमध्ये या डचीच्या पुन्हा पुन्हा वाटण्या होत गेल्या. त्यांतील एक शाखा 1692 मध्ये हॅनोव्हरची इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राजकुमार) झाली आणि तिचा गेओर्ग लुडविग 1714 मध्ये इंग्लंडचा पहिला जॉर्ज झाला. तो हक्क मात्र वेल्फ रक्ताचा नव्हता. त्याची आई सोफिया ही इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याची नात असल्यामुळे आणि ती प्रॉटेस्टंट असल्यामुळे तो त्याला मिळाला.