गुडघा बदलल्यानंतरही त्रास होत असेल, तर दुर्बिणीच्या ऑपरेशनचा उपयोग होतो का?

आईंचा गुडघा बदलून वर्ष झालं, एक्स-रे चांगला आहे, तरी उठताना गुडघा अडकतो, आणि तुमचे मामा म्हणतात ‘व्यायाम केला नाही, आता भोगा’. हे वाचलं आणि राहवलं नाही. माझ्याकडे हेच वाक्य दादाचं होतं.

माझा डावा गुडघा. बदलल्यावर आठ महिने झकास. मग खुर्चीतून उठताना पाय सरळ होत आला की वाटीपाशी काहीतरी अडकायचं आणि खट्‌कन सुटायचं. शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल इतकं. पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला, ‘सांधा जागेवर आहे, सवय होईल’ म्हणाले. गुडघ्याला हातही लावला नाही. आणि दादाला आयतं कोलीत मिळालं! मी सकाळ-संध्याकाळ घाम गाळून व्यायाम करत होते हो.

दुसऱ्या डॉक्टरांनी वाटीवर तळहात ठेवून पाय दोनदा वाकवून सरळ करायला लावला. निदान तिथेच झालं: पटेलर क्लंक. वाटीच्या वरच्या कडेला कंडरेच्या, म्हणजे मांडीचा स्नायू वाटीला जोडणाऱ्या पट्ट्याच्या, मागे तंतूंची गाठ होते. पाय वाकवला की ती मांडीच्या हाडावर बसवलेल्या धातूच्या खाचेत शिरते आणि सरळ करताना, साधारण ३० ते ४५ अंशांवर, झटक्याने बाहेर पडते. एक्स-रेत ती दिसणार कशी?

मग दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. कमरेत भूल होती, त्यामुळे पडद्यावर मीही बघत होते. धातू आरशासारखा चकाकत होता, एका गाठीच्या दोन दिसत होत्या. धातूवर ओरखडा नको म्हणून डॉक्टर दुर्बीण अगदी हळू सरकवत होते. गाठ खरवडून काढली, त्याच संध्याकाळी चालले. खट् बंद.

तुमच्या आईंचं अडकणं असंच असेल तर दुर्बीण उत्तम. आत चिकटलेलं सोडवायलाही वापरतात, पण पहिल्या तीनेक महिन्यांतल्या आखडलेपणाला बहुधा आधी भूल देऊन गुडघा वाकवून बघतात. सांधा सैल झाला असेल किंवा तिरका बसला असेल, तर दुर्बिणीने काही होत नाही, तिथे रिव्हिजनच, म्हणजे बसवलेला सांधा पुन्हा बदलणं. ‘आत बघू तरी’ एवढ्याच कारणासाठी तर मुळीच करू नका.

हां, मी डॉक्टर नाही. गाठ काहींना परत येते, आणि दुर्बिणीतूनही जंतू आत जाऊ शकतात. आधीच जंतुसंसर्ग असेल तर दुर्बिणीने धुणं सहसा पुरत नाही, गुडघा उघडून धुतात, प्लास्टिकचा भाग बदलतात. म्हणून आधी ईएसआर, सीआरपी (आत सूज किंवा संसर्ग आहे का हे सुचवणाऱ्या रक्ततपासण्या) आणि शंका आली तर गुडघ्यातलं पाणी तपासून घ्या. त्याआधी मनाने अँटिबायोटिक देऊ नका, तपासणी फसते.

आणि मामांचा तळहात एकदा आईंच्या वाटीवर ठेवून त्यांना खुर्चीतून उठायला सांगा. ऑपरेशनच्या आधी सांगा पण. मला हे उशिरा सुचलं, गाठ निघून गेल्यावर. दादा अजून व्यायामाचंच म्हणतो.