रविवारची गर्दी पाहून सलूनचा हिशोब मांडू नको

तुझा प्रश्न वाचला. बी.ए. झालं, पोलीस भरतीत मैदान निघालं पण लेखी अडलं, घरी तीन एकर कोरडवाहू वावर. दारव्ह्याच्या एका सलूनात रविवारी पायरीपर्यंत बसलेली माणसं पाहून तुला वाटलं, आपणही हे शिकून गावात दुकान टाकावं. तू नाभिक समाजाचा नाही, म्हणून घरचे नाराज. माझं दुकान यवतमाळ जिल्ह्यातल्याच एका बाजाराच्या गावात आहे, आज्यापासून आमचा हाच धंदा. वयानं मोठा, म्हणून अरे-तुरे करतो.

जातीचं आधी सांगून टाकतो. तालुक्याच्या ठिकाणी आता सगळ्या समाजाची पोट्टी मशीन चालवतात, कोणी विचारत नाही. गावात चार दिवस लोक बोलतील, मग कटिंग चांगली झाली की तेच लोक नंबर लावतील. फक्त जावळ आणि दहाव्याचं मुंडण ही कामं ज्या घरांकडं परंपरेनं आहेत त्यांच्याकडंच राहतील, त्यात हात घालू नको. आणि तुझ्या खुर्चीवर कोणीही बसेल, वस्तीवरचा असो की पाटलाच्या घरचा. जात पाहून गिऱ्हाईक नाकारणं १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. आमच्याच लोकांनी एके काळी बाबासाहेबांच्या समाजाला वस्तरा लावला नाही, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता तुझा हिशोब. रविवारचा गल्ला गुणिले तीस, असं तू लिहिलं आहेस. बाप्पा, तसं असतं तर मी आज बंगल्यात असतो! खेड्यातलं सलून पऱ्हाटी (कपाशी) आणि सोयाबीनच्या कॅलेंडरवर चालतं. जून-जुलैत लोकांचा सगळा पैसा बियाणं-खतात जातो, त्या दोन महिन्यांत उधारीची वहीच भरते. मग श्रावण. निम्मं गाव दाढी-कटिंग करत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून गणपतीपर्यंत उसंत मिळत नाही, आणि गणपती गेले की पितृपक्षाचे पंधरा दिवस थंड. सोयाबीन विकलं की दिवाळीला पहिला खरा पैसा दिसतो, कापूस निघाला की उधारी फिटायला लागते, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई हात देते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की दुपारी बारा ते चार कुत्रंही फिरकत नाही. तेव्हा सहाला दुकान उघडायचं, संध्याकाळी उशिरापर्यंत थांबायचं. शनिवार आणि अमावस्या टाळणारे अजून भरपूर आहेत, ते वेगळंच.

आज्याच्या काळी बलुतं होतं. वर्षभर घरातल्या सगळ्यांची हजामत, आणि खळ्यावरून ज्वारी. ज्वारी गेली, सोयाबीन आलं, ते कोण दळून खाणार? बलुतं संपलं, पण 'पीक आल्यावर देतो' ही सवय राहिली. म्हणून उधारीची मर्यादा माणूस पाहून पहिल्याच दिवशी ठरव. नात्यातल्यांची तर आधी. आमच्याकडं कटिंगचे ६०-७०, दाढीचे ३०-४० चालतात. त्यात ब्लेड, क्रीम, वीज, भाडं वजा कर आणि वर्षाची सरासरी काढ, मग ठरव.

शिकायचं कुठं? महिनाभराच्या क्लासनं हात बसत नाही. चालू दुकानात राहा. आधी झाडू, टॉवेल, फेस, मग फुग्यावर साबण लावून वस्तरा. फुगा फुटला नाही म्हणजे गालही वाचेल. मशीनचं सोपं आहे, एक नंबरचा गार्ड म्हणजे ३ मिलिमीटर, दोनचा ६. पण कंगव्यावर कैची चालवता आली नाही तर म्हाताऱ्यांची आणि लहान पोरांची कटिंग जमणार नाही, आणि गावात तेच गिऱ्हाईक टिकतं. रील दाखवून 'फेड' (बाजूनं हळूहळू बारीक होत जाणारी कटिंग) मागणारं पोट्टं पुढच्या वेळी यवतमाळला जातं. हात बसला की कुठंही कमाईच्या अर्ध्या-अर्ध्या वाट्यावर कारागीर म्हणून काम मिळतं. पुण्याला जायचं असेल तर या टप्प्यावर जा, आधी नाही.

गिऱ्हाईकाच्या तब्येतीच्या बाबतीत मी कडक आहे. एका माणसाला एक ब्लेड, पाकीट त्याच्यासमोर फोडायचं. हेपॅटायटिस बी आणि सी वापरलेल्या ब्लेडवरच्या रक्तातून पसरतात, नुसती तुरटी फिरवून काही होत नाही. मशीनचं पातं दर गिऱ्हाईकानंतर स्पिरिटनं पूस, गजकर्ण मानेवरून मानेवर असंच जातं. 'मान कटकन मोडून दे' म्हणतील, बिलकूल मोडायची नाही. मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या मानेतूनच जातात, झटक्यानं त्या आतून फाटून माणूस लकव्यात गेल्याच्या नोंदी डॉक्टरांकडं आहेत. काळ्या मेंदीत बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन असतं, त्यानं काहींचं तोंड सुजतं. कानामागं थोडी लावून ४८ तास थांबायला सांग. गिऱ्हाईक चिडलं तर चिडू दे.

तुझ्या पायांचं काय, हे तू विचारलं नाहीस. दिवसभर उभं राहून पोटऱ्यांच्या शिरा फुगतात, खांदा धरतो. खुर्ची वरखाली होणारी घे, वाकून काम करू नको. शहरातली दुकानं सामान बदलतात तेव्हा जुनी स्वस्तात मिळते. लाइटचा भरवसा नाही, म्हणून मशीन बॅटरीचीच पाहिजे.

पैशाचं म्हणशील तर पीएम विश्वकर्मा योजनेत (सप्टेंबर २०२३ पासून) नाव्ह्याचं काम १८ व्यवसायांत आहे. अवजारांना १५,००० रुपये, ५ टक्के व्याजानं आधी १ लाख आणि ते फेडल्यावर २ लाख कर्ज. पण हे काम आधीपासून करणाऱ्यासाठी ती आहे, घरातल्या एकालाच मिळते, आणि गावातला अर्ज ग्रामपंचायतीकडं पडताळणीला जातो. म्हणजे आज तुझ्या कामाची नाही. पहिलं दुकान भाड्याच्या खोलीत, एका खुर्चीवर टाक. कर्ज काढून काचेचं दार लावू नको. २०२० च्या टाळेबंदीत आमची दुकानं २८ जूनला उघडली, तीही नुसत्या कटिंगला, दाढी बंदच. तेव्हा ज्याच्यावर हप्ता नव्हता तोच निभला.

वावर विकू नको, हेही सांगून ठेवतो. सकाळ-संध्याकाळ दुकान आणि मधल्या वेळात शेत, असं आमच्याकडं बरेच जण करतात.

तुझ्या गावात घरं किती, आत्ता दुकानं किती, आणि जवळचा आठवडी बाजार कुठल्या वारी भरतो, एवढं लिही. मग गावात बसायचं की बाजाराच्या गावी, ते सांगता येईल.