शाळेची तपासणी, गणेशचवथीचं शिबिर आणि घरचा रविवार

दवाखान्याच्या चार भिंतींबाहेर काम करणारे दंतवैद्य आणि त्यांच्या घरची माणसं यांची पत्रं या खेपेला जास्त आली. त्यांतल्या आणि इतर वाचकांच्या मिळून चार पत्रांना उत्तरं देत आहोत.

प्रश्न : गावात नवीन दवाखाना सुरू केला आहे. सरकारी प्राथमिक शाळेतल्या साठ मुलांचे दात तपासायचे आहेत. एका दिवसात होईल का? सामान काय न्यावं?
(तरुण दंतवैद्य, सत्तरी तालुका, गोवा)

तपासणी एका दिवसात होईल, उपचार होणार नाहीत. दर मुलामागे तीन ते चार मिनिटं धरा, म्हणजे तीन ते चार तास लागतील. शाळा भरल्याबरोबर सुरुवात करा. मधल्या सुट्टीनंतर तोंडात खाल्लेलं अडकलेलं असतं आणि मुलंही कंटाळलेली असतात.

आठवडाभर आधी मुख्याध्यापिकांच्या हातून पालकांना चिठ्ठी पाठवा. तपासणीची संमती वेगळी घ्या आणि फ्लोराइड वार्निश (कीड रोखायला दातांवर द्यायचा लेप) लावण्याची वेगळी. मुलाला दमा आहे का, कसली अ‍ॅलर्जी आहे का, हृदयाचा आजार आहे का, हे त्याच चिठ्ठीत विचारा. बऱ्याच वार्निशमध्ये राळ असते. तिची अ‍ॅलर्जी असलेल्या किंवा दम्यामुळे इस्पितळात राहावं लागलेल्या मुलाला ते लावू नये.

साठ मुलांना सत्तर आरसे न्या, कारण काही खाली पडतातच. प्रत्येक आरसा वेगळ्या पाकिटात घालून ऑटोक्लेव्ह केलेला, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक केलेला, हवा : १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, आणि तापमान गाठल्यावर पुढे किमान १५ ते २० मिनिटं. टोपात उकळलेली हत्यारं चालणार नाहीत, कारण उकळत्या पाण्यात सगळे जंतुबीज मरत नाहीत. टोकाला गोळी असलेला बोथट प्रोब (दात चाचपायची सळई) घ्या. अणकुचीदार प्रोबने खाचा टोचायची जुनी सवय सोडलेली बरी. कीड नुकती लागत असते तेव्हा वरचा पापुद्रा शाबूत असतो आणि तो परत घट्ट होऊ शकतो. टोचून तो फुटला की खड्डा पडतो. बाकी डोक्याला लावायचा दिवा, मुलागणिक हातमोजे, कापूस, आणि झाकणाचे दोन डबे, एक स्वच्छ हत्यारांना नि एक वापरलेल्यांना. हातमोजे लाल पिशवीत, लाळ-रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत. यातलं काहीही शाळेच्या कचऱ्यात राहता कामा नये.

व्हरांड्यात दोन बाकं जोडून मूल उताणं निजवा आणि तुम्ही डोक्याशी बसा. उभ्या मुलासमोर वाकून साठ तोंडं पाहिलीत तर दुसऱ्या दिवशी तुमची कंबर धरेल. लिहून घेणारी व्यक्ती कानाशी असावी.

सगळ्यांत आधी सहाव्या वर्षाची दाढ बघा, म्हणजे दंतवैद्यांच्या क्रमांकाने १६, २६, ३६ आणि ४६ नंबरचे दात. ती शेवटच्या दुधाच्या दाढेमागे उगवते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे पालक तिला दुधाचीच समजतात आणि "पडणारच आहे" म्हणून सोडून देतात. ती कायमची आहे, हे प्रत्येक पालकाला सांगा. दिवसभरात एवढं एकच सांगून झालं तरी पुष्कळ झालं. खाचा खोल असतील तर दाढ कोरडी ठेवून सीलंट (खाचा बुजवणारा लेप) भरावं. दाढेवर अजून हिरडीची झालर असेल तर ओलीमुळे रेझिनचं सीलंट सुटतं. तिथे ओल सोसणारं ग्लास आयोनोमर सिमेंट भरा.

वार्निश ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं. दात कापसाने पुसायचे आणि पातळ थर द्यायचा. नुसते दुधाचे दात असतील तर ०.२५ मिली, मिश्र दात असतील तर ०.४ मिलीपर्यंत. त्या दिवशी कडक-चिकट खाणं नको, ब्रश दुसऱ्या सकाळी. दात एक दिवस पिवळट दिसतात, हे आयांना आधीच सांगा, नाहीतर संध्याकाळी घासून काढतात. सहा महिन्यांनी पुन्हा लावायचं. कीड जास्त असेल तर तीन महिन्यांनी.

शिबिरं बिघडतात ती यानंतर. दवाखान्यात बोलावल्याची चिठ्ठी दप्तरात राहते, आईबाप रोजावर जातात, आणि मूल दवाखान्यात येतच नाही. म्हणून त्याच दिवशी तीन याद्या करा : दुखणारे किंवा हिरडीवर फोड असलेले याच आठवड्यात, कीड लागलेले महिनाभरात, उरलेले सहा महिन्यांनी. पहिल्या यादीतल्या घरी तुम्ही स्वतः फोन करा. आठवड्याच्या दोन दुपारी फक्त या मुलांसाठी ठेवा आणि त्या वेळा शिक्षकांना लिहून द्या. ज्याला पूर्ण भूल देऊनच उपचार करावे लागतील त्याला बांबोळीच्या गोवा डेंटल कॉलेजात पाठवताना दाताचा क्रमांक, तक्रार आणि दिलेली औषधं पत्रात लिहा. सत्तरीतून बांबोळीला जायचं म्हणजे त्या घराची एक दिवसाची मजुरी जाते. खेप फुकट जाऊ नये ही जबाबदारी पाठवणाऱ्याची.

प्रश्न : गणेशचवथीला मंडळातर्फे मोफत दात काढण्याचं शिबिर ठेवावं म्हणतो. चालेल का? आणि सणात मुलांना नेवऱ्या (करंज्या) देऊ नयेत का?
(कार्यकर्ता, डिचोली)

मांडवात दात काढू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणारे, साखर न आवरलेले, रक्तदाब वाढलेले लोक रांगेत असतातच, आणि गर्दीत कोणी नीट सांगत नाही. मूळ मोडून आत राहिलं तर पुढचं करायला ना एक्स-रे, ना नीटसा उजेड. जखमेतली रक्ताची गुठळी निघून गेली की दोन-तीन दिवसांनी भयंकर ठणका लागतो. तोवर मंडप सुटलेला असतो. मग त्या माणसाने कुणाकडे जायचं?

त्याऐवजी तिशी ओलांडलेल्यांची तोंड-तपासणी ठेवा. आपल्याकडे कुळागरं (सुपारीच्या बागा) आहेत, सुपारी घरचीच असते, मशेरी लावणाऱ्या बायका अजून आहेत. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का, हे प्रत्येकाने पाहावं. जात नसतील, तिखट लागून आग होत असेल, गालाची आतली बाजू पांढुरकी नि ताठर झाली असेल, तर ते बहुधा सुपारीमुळे. सुपारी त्याच दिवसापासून बंद. आखडलेलं तोंड पूर्वीसारखं क्वचितच होतं, पण पुढचं आखडणं बरंचसं रोखता येतं. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, जिभेच्या कडेची गाठ : अशा माणसाला नुसता सल्ला देऊन घरी पाठवू नका. बरोबर कोण जाणार ते ठरवा आणि बायोप्सीसाठी बांबोळीला न्या.

मुलांना नेवऱ्या खाऊ द्या हो. जेवणाबरोबर खाल्ल्या आणि चूळ भरली तर फारसं बिघडत नाही. दिवसभर येता-जाता डब्यात हात जातो तेव्हा कीड लागते.

प्रश्न : माझे पती दंतवैद्य आहेत. सकाळ-संध्याकाळ दवाखाना, दर रविवारी शिबिर, रात्री फोन. मान दुखते म्हणतात. मुलं लहान आहेत. त्यांना अडवायचं नाही, पण ते घरात असूनही नसतात.
(वाचक भगिनी, फोंडा)

ताई, शिबिर महिन्यातून एकच घ्या असं त्यांना आमच्या नावाने सांगा. दर रविवारी नवं गाव घेतलं तर जुन्या गावांच्या याद्या तशाच पडून राहतात. एकाच गावात वर्षातून दोनदा परत गेलं तर रुग्णांचं अधिक भलं होतं. उरलेले रविवार तुमचे आणि मुलांचे.

रात्रीच्या फोनसाठी यादी करून फोनजवळ चिकटवा. गाल किंवा जबड्याखालचा भाग सुजून गिळायला, श्वास घ्यायला त्रास होत असेल तर दवाखान्याची वाट न बघता १०८ बोलवून थेट मोठ्या इस्पितळात. दात काढलेल्या जागी अर्धा तास गॉज घट्ट चावून धरूनही रक्त थांबत नसेल, किंवा मार लागून दात निखळला असेल, तर डॉक्टरांनी उठावं. कॅप निघाली, सिमेंट पडलं, थंड झोंबतं, हे सकाळपर्यंत थांबू शकतं. असे फोन सहायकाने घ्यावेत. तुम्ही घेऊ नयेत.

दुपारी एक ते चार गोव्यातली बरीच दुकानं मिटतात. दवाखानाही मिटावा. मुलं शाळेतून येतात ती हीच वेळ. त्या तीन तासांत बिलं, लॅबचे फोन, सामानाचा हिशेब घुसू देऊ नका. त्यासाठी आठवड्यातली एक सकाळ वेगळी काढा.

मानेचं दुखणं अंगावर काढू नये. रुग्णाचं तोंड डॉक्टरांच्या कोपराच्या उंचीवर हवं, कोपरं अंगालगत, मांड्या किंचित उताराला. वरच्या दाढा वाकून न बघता आरशात बघाव्या. मान २० अंशांपेक्षा जास्त वाकू नये. लूप्स (चष्म्याला लावायची भिंगं) घेताना डोळ्यापासून कामापर्यंतचं अंतर मोजून घ्यावं. चुकीच्या अंतराचे लूप्स मान आणखी वाकवतात. दोन रुग्णांच्या मधे दोन मिनिटं उभं राहून खांदे मागे फिरवावेत. हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल होत असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, शिबिराची तारीख नंतर.

प्रश्न : खेळताना मुलाचा पुढचा दात मुळासकट निघाला तर?
(पालक, पेडणे)

दुधाचा असेल तर परत बसवू नका, खालच्या कायमच्या दाताला इजा होते. कायमचा असेल तर पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका. माती असेल तर दुधाने किंवा वाहत्या थंड पाण्याने काही सेकंद धुवा, घासू नका. मूल सावध असेल तर तिथेच खोबणीत बसवून स्वच्छ रुमाल चावायला द्या. जमलं नाही तर दात थंड दुधात टाका, साध्या पाण्यात नको. अर्ध्या तासात पोचलात तर दात जगण्याची आशा चांगली असते, तासाभरानंतर झपाट्याने घटते. मूल बेशुद्ध झालं असेल किंवा उलट्या होत असतील तर दाताचं नंतर बघा, आधी इस्पितळ.